मुळशीचे रस्ते कोणासाठी?

२०२६ सालच्या जानेवारी महिन्यात पुणे जिल्ह्यातून ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत गेली. एकूण अंतर सुमारे ४३७ किलोमीटर, स्पर्धक देशोदेशींचे, आणि शहरातील प्रास्ताविक फेरी आटोपल्यावर पहिलाच मोठा टप्पा मुळशी व मावळ या तालुक्यांतून. शर्यतीसाठी रस्ते नव्याने गुळगुळीत करण्यात आले, शर्यतीच्या वेळी त्यांवरील वाहतूक थांबवण्यात आली, आणि गावोगावची माणसे कडेला उभी राहून टाळ्या वाजवीत होती. या शर्यतीचे कौतुक करण्यात आम्ही मागे राहणार नाही. घाट चढणाऱ्या सायकलस्वाराविषयी मराठी माणसाला जुने प्रेम आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची प्रथा आपल्यापैकी पुष्कळांना लहानपणापासून ठाऊक आहे.

आमचा वाद शर्यतीशी नाही. शर्यत संपल्यावर जे बोलले जाऊ लागले त्याच्याशी आहे. आता रस्ते उत्तम झाले, आता मुळशी हे सायकलींचे माहेरघर होईल, पर्यटन वाढेल, रस्ते आणखी रुंद होतील, असे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. या वाक्याच्या पूर्वार्धाचा उत्तरार्धाशी उभा दावा आहे, हे सांगणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. सायकलस्वाराला लागणारा रस्ता रोलर फिरवून तयार होत नाही. त्या रस्त्यावर काय नाही, यावर तो ठरतो. ज्या रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकची धास्ती नाही आणि वळणावर समोरून भरधाव येणारी मोटार नाही, जेथे कानाला आपल्याच चेनचा आवाज ऐकू येतो, तो सायकलचा रस्ता. असे रस्ते मुळशीत होते. काही अजून आहेत. ते कोणी बांधले नव्हते, म्हणून ते मोडले तरी कोणाच्या हिशेबात येत नाहीत.

पौडपर्यंत पुण्याहून येणारा रस्ता शांत म्हणावा अशी आज स्थिती नाही, त्याविषयी पुढे बोलू. पण पौडहून उजवीकडे वळले की कोळवणचे खोरे लागते. चाले, कोळवण, हाडशी अशी गावे एकामागून एक येतात. वळकी नदी कधी रस्त्याला येऊन भिडते, कधी भातखाचरांच्या पलीकडे दडते. चढ आहेत, पण अंगावर येणारे नाहीत. मधल्या गिअरवर, बोलत बोलत चढता यावेत असे आहेत. पुढे डोंगराची धार जवळ येते, तिकोन्याचा सुळका समोर उभा राहतो, आणि खिंडीतून पलीकडे उतरले की पवना धरणाचे पाणी दिसते. एका खोऱ्यातून निघून दुसऱ्या खोऱ्यात उतरण्याचा हा आनंद मोटारीत बसलेल्याला मिळत नाही, कारण त्याला खिंड कधी आली हे कळतच नाही. सायकलस्वाराला ती मांड्यांतून कळते. जून-जुलैत आवणीच्या वेळी या वाटेने गेलेल्याने खाचरात वाकलेल्या बायका पाहिल्या असतील, त्यांच्या डोक्यावरचे इरले किंवा प्लॅस्टिकचे कागद पाहिले असतील. त्या मान वर करून ‘कुठून आलात?’ असे विचारतात. मोटारीला हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

पिरंगुटहून डावीकडे उरवड्यावरून मुठा खोऱ्यात जाणारी वाट अशीच आहे. ती टेमघर धरणाच्या पायथ्याशी पोहोचते आणि मग घाटाने वर चढते. तिसरी वाट थोराड पायांची. मुळशी जलाशयाच्या कडेने निव्यापर्यंत जावे आणि तेथून उत्तरेला भांबुर्डे, सालतर, आंबवणे ओलांडून लोणावळ्याकडे निघावे. या तिसऱ्या वाटेवर चहाची टपरी शोधावी लागते. पाण्याची बाटली भरून घेतल्याशिवाय कोणी निघू नये.

या वाटा शांत का राहिल्या, याचे उत्तर सोपे आहे. त्यांवरून कोणालाही घाईने कोठे पोहोचता येत नव्हते. सरकारी भाषेत रस्त्यांची उतरंड असते : राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सर्वांत शेवटी ग्राम मार्ग. शेवटच्या दोन पायऱ्यांवरील रस्ता गावाला गावाशी जोडतो, एवढेच त्याचे काम. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत अशा एकेरी रस्त्याची डांबरी रुंदी ३.७५ मीटर धरली आहे, आणि जेथे वाहतूक फारच थोडी तेथे ३ मीटर. समोरून वाहन आले की एकाने साईडपट्टीवर उतरायचे. उतरताना दोघे एकमेकांकडे पाहतात, हात वर करतात. या अरुंदपणातच सभ्यता होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मुख्य रस्त्याची कथा वेगळी झाली. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड, मुळशी आणि ताम्हिणी घाटावरून माणगाव हा रस्ता आता दिघी बंदराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडण्यात आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या उड्डाणमार्गांचे उद्घाटन झाले. शहरातून बाहेर पडण्याची अडचण पुष्कळ कमी झाली, हे मान्य. पण चौकात तुंबणारी वाहने आता कोठे तुंबतात? पावसाळ्यातील कोणत्याही रविवारी ताम्हिणीच्या धबधब्यांपाशी जाऊन पाहावे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटारी, मध्ये आणखी मोटारी, उघड्या दारांतून कर्कश गाणी, आणि त्यांच्यामध्ये अडकलेली एस.टी. २०२४ च्या पावसाळ्यात जिल्ह्यात दुर्घटना घडल्यावर प्रशासनाला पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढावे लागले. महामार्गाविषयी आमचे एवढेच म्हणणे आहे : तो गेला, तो गेलाच. सायकलस्वारासाठी तो परत मिळेल, अशी आशा आम्ही धरीत नाही. प्रश्न आहे तो त्याला फुटणाऱ्या फांद्यांचा. महामार्गाची गर्दी, महामार्गाचा वेग आणि महामार्गाचे बांधकामशास्त्र या फांद्यांवर चढू लागले आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो घेणारे सगळेच स्वार्थी नसतात. ते म्हणतात, तुम्ही शहरातले लोक. तुम्हांला रविवारी सकाळी चित्रासारखे खेडे हवे. आजारी बाई रुग्णालयात कशी न्यायची, भाजी बाजारात वेळेवर कशी पोचवायची, हे गावाला विचारा. गावाला रुंद रस्ता हवा आहे.

हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. गावाला चांगला रस्ता हवा आहे, यात शंका नाही. खड्डे नसलेला, पावसात मोऱ्या न तुंबणारा, साईडपट्टी न खचलेला रस्ता हा गावाचा हक्क आहे, आणि तो मागण्यात सायकलस्वार गावाच्या पुढेच उभा राहील, कारण खड्डा त्याच्याइतका कोणाला लागत नाही. पण चांगला रस्ता आणि रुंद रस्ता या दोन गोष्टी एकच आहेत, हे गृहीत कोणी धरले? रुग्णवाहिका अडते ती गावच्या बैलगाडीमुळे नव्हे. ती रविवारच्या मोटारींच्या रांगेत अडते. आणि रस्ता दुप्पट केला की रांगही दुप्पट होते, हे गेल्या पन्नास वर्षांत जगातील प्रत्येक शहराने स्वतःच्या खर्चाने शिकून घेतले आहे. तोच धडा पुन्हा एकदा गिरवण्यासाठी कोळवणच्या शेतकऱ्याने आपले खाचर का द्यावे?

वेगाची गोष्ट तर याहून कठोर आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महामार्ग व शहर वगळता ‘इतर रस्त्यां’वर मोटारीला ताशी ७० किलोमीटरपर्यंत कमाल वेगाची मुभा आहे. राज्याने वेगळी, कमी मर्यादा घातली नसेल तर शाळेवरून जाणाऱ्या वळणदार गावरस्त्यालाही हाच आकडा लागू. वेग दुप्पट झाला की धडकेतील जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतरही चौपट होते. ताशी ३० च्या वेगाने आलेल्या मोटारीने धक्का दिलेला मुलगा बहुधा वाचतो. ६० च्या वेगाने आलेल्या मोटारीपुढे त्याची शक्यता फार थोडी उरते. अरुंद रस्ता हा वेग आपोआप आवरून धरीत होता. त्याची रुंदी वाढवणारा अभियंता कागदावर डांबराचे घनमीटर मांडतो. वाढलेल्या वेगाचा रकाना त्या कागदावर नसतो.

आणि सायकलवर असतो कोण? मासिकांतील छायाचित्रांत हेल्मेट घातलेला, घट्ट रंगीत कपड्यांतला, लाखाची सायकल चालवणारा तरुण दिसतो. त्याच्याविषयी आमच्या मनात आकस नाही, आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली आज तशी निघतात. परंतु त्या रस्त्याचा पहिला धनी तो नव्हे. कॅरिअरला दुधाचे कॅन अडकवून निघालेला गवळी, पिरंगुटच्या कारखान्यात पाळीला जाणारा कामगार, दप्तर पाठीला लावून पायडल मारणारी आठवी-नववीतील मुलगी, हे त्या रस्त्याचे रोजचे स्वार आहेत. राज्याच्या मागास तालुक्यांत दूर राहणाऱ्या मुलींची शाळा सुटू नये म्हणून मानव विकास कार्यक्रमातून सायकली देण्यात येतात. कल्पना फार चांगली. मात्र सायकल देणारे सरकार आणि त्याच सायकलीच्या रस्त्यावर ७० चा वेग चालू देणारे सरकार ही दोन वेगळी सरकारे आहेत काय?

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. तासाच्या भाड्याने सायकल मिळे, सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असे, दिवा नसला किंवा डबलसीट बसले तर पोलीस अडवीत. आता तेथे काय आहे? महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. मार्गिका रंगवल्या गेल्या, त्यांवर मोटारी उभ्या राहिल्या. शहराने आपली सायकल स्वतःच्या हाताने घालवली आणि आता तेच शहर दर रविवारी मोटारीच्या टपावर सायकल बांधून मुळशीत शांतता शोधायला येते. मुळशीने पुण्याचे अनुकरण करावे, असा सल्ला देणाऱ्याने आधी पुण्याच्या कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता आपले मूल सायकलवर पाठवून दाखवावे.

शांतता विकण्याचा धंदाही येथे जोरात आहे. ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘गर्दीपासून दूर’ अशा पाट्यांनी पौड रस्ता भरला आहे. या पाटीत एक मोठी मौज आहे. शांतता विकत घेणारा पहिला माणूस ती थोडी कमी करतो, शंभरावा ती संपवतो, आणि मग सर्व मिळून रुंद रस्त्याची मागणी करतात, कारण आपापल्या शांततेपर्यंत पोचायला त्यांना उशीर होतो. आपल्या वाचकांपैकीही काहींनी निवृत्तीसाठी तेथे जमिनीचा तुकडा पाहिला असेल. घर बांधण्याचा हक्क आम्ही कोणाचा नाकारीत नाही. परंतु घराच्या दारापर्यंत दोन मोटारी एका वेळी गेल्या पाहिजेत, हा हक्क कोठून आला, ते आम्हांला समजत नाही. जमीन गेल्यावर शेतकऱ्याच्या घरात काय उरते ते २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने दाखवले आणि महाराष्ट्राने तो गर्दी करून पाहिला. पाहून झाल्यावर जमिनीचे व्यवहार थांबल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मुळशीच्या खोऱ्याला ‘व्यापक हिता’साठी देण्याची सवय जुनी आहे, किंवा असे म्हणू, त्याच्याकडून घेण्याची सवय इतरांना जुनी आहे. जलाशयाच्या कडेने जाणारा रस्ता पाहून आपण आनंदित होतो. खोऱ्याच्या तळातील जुन्या गाववाटा त्या पाण्याखाली आहेत. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधण्याचे ठरले तेव्हा पन्नासच्या आसपास गावांवर गंडांतर आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे सत्याग्रहाला बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते, आणि बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. जमिनीवर कागदोपत्री हक्क सांगणाऱ्या पुण्यातील सावकारांपैकी अनेकांनी भरपाईचा मार्ग धरला, कसणारे मात्र अडून राहिले. १९२४ अखेर लढा संपला. धरण झाले. पूर्वेला वाहणाऱ्या मुळेचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात उतरले आणि कुंडलिकेवाटे अरबी समुद्राला मिळू लागले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या.

रस्त्याच्या शांततेची आणि बुडालेल्या गावाची तुलना आम्ही करीत नाही. तसे करणे त्या मावळ्यांवर अन्याय होईल. परंतु बोलण्याची रीत ओळखीची आहे. तेव्हाही निर्णय शहरात झाला होता, तेव्हाही गावाच्या वतीने शहरानेच होकार भरला होता, आणि तेव्हाही हरकत घेणाऱ्याला प्रगतीचा शत्रू ठरवण्यात आले होते. त्यानंतर याच तालुक्यात हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल आले. मोसे खोऱ्यात, वरसगाव जलाशयाच्या काठी लवासा आले. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तेथील काम थांबवले, वर्षभराने अटी घालून परवानगी दिली, आणि २०१८ मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. शहर अर्धेच झाले. त्याच्याकडे जाणारा घाटरस्ता मात्र पूर्ण झाला, आणि सुट्टीच्या दिवशी तेथे मोटारसायकलींच्या ज्या चढाओढी लागतात, त्या पाहून मुठा खोऱ्यातली माणसे रस्ता ओलांडायला कचरतात. आता पुण्याचा वर्तुळमार्ग याच तालुक्यातून जाणार आहे. त्याला उतरण्याचे मार्ग लागतील, त्या मार्गांना जोडरस्ते लागतील, आणि जोडरस्ते म्हणून नकाशावर ज्या बारीक रेघा सोयीच्या दिसतील, त्या आमच्या या शांत वाटाच असतील.

वसईच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. दोन वाड्यांच्या कुंपणांमधून जाणारी, एका बाजूला बावखल आणि दुसऱ्या बाजूला केळीची बाग असलेली वाट रुंद झाली की प्रथम कुंपण जाते, मग बावखल भरते, मग बागेत इमारत उभी राहते. हा क्रम आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिला आहे. हरित वसईच्या चळवळीत उतरलेल्यांनी तो थोपवण्याचा प्रयत्नही केला. मुळशीतील शेतकऱ्याशी बोलताना हा अनुभव उपदेशाच्या सुरात नव्हे, शेजाऱ्याच्या सुरात सांगता येईल.

बाहेर पाहिले तर आणखी धीर येतो. आज हॉलंड म्हणजे सायकलींचा देश असे आपण म्हणतो, जणू तेथील माती तशी होती. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ असेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. १९७३ च्या तेलटंचाईत तेथे मोटारीविना रविवार पाळावे लागले आणि लोकांना आपल्याच रस्त्यावरची शांतता अनेक वर्षांनी ऐकू आली. सायकलचे मार्ग त्यानंतर आले, मागून आणि भांडून घेतलेले. ब्रिटनमध्ये २००० सालच्या वाहतूक कायद्याने स्थानिक प्रशासनाला ग्रामीण वाट ‘शांत वाट’ म्हणून घोषित करण्याचा अधिकार दिला. त्या वाटेवर पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार आणि मोटार यांचा हक्क समान, आणि मोटारीने त्याप्रमाणे वागायचे.

इटलीत कोमो सरोवराच्या वर, बेल्लाजिओहून चढणाऱ्या डोंगररस्त्याच्या माथ्यावर, गिसाल्लोच्या मारियामातेचे एक लहानसे चॅपेल आहे. चढाच्या टोकाला दम लागलेला सायकलस्वार तेथे टेकतो. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. आत बार्ताली आणि कोप्पी यांच्या सायकली टांगल्या आहेत, पण तिची भक्ती सायकलीच्या शोधाहून फार जुनी. आख्यायिका सांगते की वाटमाऱ्यांनी गाठलेल्या एका प्रवाशाने त्या जागी आश्रय घेतला होता. म्हणजे मूळ गोष्ट विजेत्याची नाहीच. वाटेवरच्या दुबळ्याला वाटेवरच्या बलवानापासून राखण्याची ती गोष्ट आहे. आजच्या डोंगररस्त्यावर बलवान कोण, हे सांगायला नको.

सायकलस्वारांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. शांत वाटेवर दहा-पंधराच्या घोळक्याने सारा रस्ता अडवून चालणारे, गुरे बिथरतील अशा आरोळ्या ठोकणारे, शेताच्या बांधावर केळाची साल आणि गोळ्यांची वेष्टने टाकून जाणारे आम्ही पाहिले आहेत. गावात शिरून कोणाशी न बोलता, काही विकत न घेता, मनगटावरच्या घड्याळातील सरासरी वेग पाहत निघून जाणाऱ्याने गावाच्या रस्त्यावर हक्क सांगू नये. कोळवणच्या हॉटेलात मिसळ खावी, दारात पोते लावून बसलेल्या बाईकडून पाच किलो इंद्रायणी तांदूळ घ्यावा. परतताना ओझे होते, हे खरे. ते वाहावे.

आमची मागणी फार मोठी नाही, आणि त्यासाठी नवा कायदाही नको. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ११२ राज्याला कोणत्याही रस्त्यावर कमी वेगमर्यादा घालण्याचा अधिकार देते. कलम ११५ सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे विशिष्ट प्रकारच्या वाहनांना विशिष्ट रस्त्यावर मज्जाव करू देते. कोळवण खोरे, मुठा खोरे, निव्याहून भांबुर्ड्याकडे जाणारा रस्ता, यांवर ताशी ३० ते ४० ची मर्यादा घालावी. अवजड वाहनांना, स्थानिक कामाखेरीज, बंदी असावी. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी बाहेरच्या मोटारी पौडला थांबवून पुढे एस.टी. किंवा गावातल्याच जीपगाड्या चालवाव्यात. त्यातून चार पैसे गावात राहतील. डांबर उत्तम असावे, रुंदी आहे तेवढीच असावी. खर्च पाट्यांचा, पांढऱ्या रंगाचा आणि वळणावळणांवरील काही गतिरोधकांचा. एका किलोमीटरच्या रुंदीकरणात यातले किती बसेल, याचा हिशेब अभियंत्याने मांडून दाखवावा.

हा ठराव प्रथम ग्रामसभेत व्हायला हवा. शहरातून आलेल्या निवेदनाला अधिकारी चहा पाजून वाटेला लावतात, ग्रामसभेच्या ठरावाला उत्तर द्यावे लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभांचे ठरलेले दिवस. ज्या वाचकांचे या गावांत घर, शेत किंवा आप्त आहेत, त्यांनी त्या दिवशी तेथे हजर राहावे व बोलावे. ज्यांचे नाहीत, त्यांनी पत्र लिहावे : सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना, प्रत जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेला. पत्रात नुसता जिव्हाळा नको. आपल्या युवक संघातील चार मुलांनी एका रविवारी सकाळी सात ते नऊ हाडशीच्या वाटेवर बसून वाहने मोजावीत, मोटारी किती, मोटारसायकली किती, सायकली किती, पायी जाणारे किती, आणि तेच पुढच्या मंगळवारी पुन्हा मोजावे. हे दोन कागद पत्रासोबत जोडावेत आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.